एगेर पायी फिरायचंय? किल्ल्यापासून सुरुवात करा : हंगेरीतल्या एका जुन्या शहराचा दोन दिवसांचा सविस्तर प्लॅन

बुडापेस्टला जाणारी आपली बरीच मंडळी डॅन्यूबमधली बोट, पार्लमेंट, एखादं गरम पाण्याचं स्नानगृह एवढं करून थेट व्हिएन्ना नाहीतर प्रागची ट्रेन पकडतात. मला दरवेळी वाटतं की अरे अजून दोन दिवस काढा आणि एगेरला जा, कारण हंगेरीचा इतिहास खरा समजतो तो तिथं. बुडापेस्टपासून साधारण 130 किलोमीटर, बुक्क नावाच्या डोंगरांच्या पायथ्याशी. शहर इतकं आटोपशीर आहे की किल्ला, मिनार, बॅसिलिका, जुन्या गल्ल्या सगळं पायीच होतं. आणि ज्यांना किल्ल्यांचं वेड आहे, बुरूज, तटबंदी, सुरुंग, वेढा हे शब्द ज्यांच्या तोंडात बसलेत, त्यांच्यासाठी तर हे शहर म्हणजे पर्वणीच आहे.

खूप लोक सकाळी जाऊन संध्याकाळी परत येतात आणि त्यात अर्धा वेळ वाइनच्या दरीत घालवतात. मग किल्ला धावतपळत होतो, लिसेउम म्हणजे जुनं ग्रंथालय नि वेधशाळा असलेली इमारत राहूनच जाते आणि जुन्या वाड्यांच्या कोशुत रस्त्यावरून तर नुसते चालत निघून जातात. म्हणून माझं स्पष्ट मत असंय की एक रात्र मुक्काम कराच.

पोचायचं कसं

बुडापेस्टच्या केलेती स्टेशनवरून एगेरला ट्रेन जातात, साधारण दोन तास लागतात. काही थेट आहेत, काहींना फ्युझेशाबोन्य नावाच्या जंक्शनला उतरून छोटी गाडी पकडावी लागते. बदलायचा वेळ कमी असतो, त्यामुळे सामान आटोपशीर ठेवा. तिकीट हंगेरीच्या रेल्वेच्या म्हणजे एमएव्हीच्या ॲपवर काढता येतं, आणि निघायच्या आदल्या दिवशी वेळापत्रक परत एकदा बघून घ्या, कारण रुळांची कामं चालू असली की वेळा बदलतात.

दुसरा पर्याय बसचा. वेळ जवळजवळ तेवढाच लागतो, पण एगेरचा बसस्टँड बॅसिलिकाच्या अगदी मागे आहे, उतरलात की पाच मिनिटांत जुन्या गावात. रेल्वे स्टेशन मात्र गावाच्या दक्षिणेला आहे, तिथून वीसेक मिनिटं चालावं लागतं. म्हाताऱ्या आई-बाबांना घेऊन जाणार असाल तर मी बसच सुचवेन.

मुक्काम दोबो चौकाच्या, म्हणजे जुन्या गावातल्या मुख्य चौकाच्या आसपास घ्या. पैशांचं म्हणाल तर चलन फोरिंट आहे, युरो नाही, कार्ड जवळपास सगळीकडे चालतं पण वाइनच्या तळघरवाल्यांकडे आणि बाजारात थोडी कॅश असलेली बरी. आणि सोमवार टाळा. सोमवारी हंगेरीत बरीच म्युझियम बंद असतात.

आधी गोष्ट माहीत करून घ्या, मग किल्ला चढा

हे मी मुद्दाम सांगतोय, कारण गोष्ट माहीत नसेल तर किल्ला म्हणजे काही पडक्या भिंती आणि हिरवळ एवढंच दिसेल.

1552 साल. त्या उन्हाळ्यात उस्मानी तुर्कांनी हंगेरीतले एकामागून एक किल्ले घेतले होते, जुलैत तेमेश्वार पडलं, सप्टेंबरात सोल्नोक पडलं, आणि मग कारा अहमद पाशा आणि अली पाशाच्या दोन फौजा एकत्र येऊन एगेरवर आल्या. एगेर पडलं असतं तर उत्तर हंगेरीचा रस्ता मोकळाच होता. आत किल्लेदार इश्तवान दोबो, त्याच्या जोडीला इश्तवान मेक्चेई, आणि माणसं दोनेक हजार, त्यातही सगळे काही शिपाई नव्हेत, शेतकरी, कारागीर, बायका, पोरं असे सगळे. बाहेर त्यांच्या कितीतरी पट फौज. वेढा पाच आठवड्यांहून जास्त चालला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आतल्या कॅथेड्रलच्या एका खोलीत साठवलेल्या दारूला आग लागून मोठा स्फोट झाला, दारूगोळा तर गेलाच, माणसंही गेली. तरी किल्ला पडला नाही. गेर्गेय बोर्नेमिस्सा नावाच्या अधिकाऱ्यानं लाकडी चाकांत दारू आणि जळाऊ सामान भरून ती पेटवून तटावरून खाली सोडली, बायकांनी तटावर चढून दगड आणि उकळतं पाणी-डांबर ओतलं, आणि ऑक्टोबरच्या मध्यावर थंडी-पावसाला नि नुकसानीला कंटाळून तुर्की फौज माघारी फिरली.

पण गोष्ट इथं संपत नाही आणि हाच भाग लोक विसरतात. 44 वर्षांनी, 1596 मध्ये, सुलतान तिसरा मेहमद स्वतः आला. तेव्हा किल्ल्यात बरेचसे परदेशी भाडोत्री सैनिक होते, त्यांनी किल्ला देऊन टाकला. पुढे 1687 पर्यंत एगेर तुर्कांकडे राहिलं. गावात जो मिनार दिसतो, जे तुर्की स्नानगृह दिसतं ते या 91 वर्षांतलं. आणि तुर्क गेल्यावर 18व्या शतकात बिशपांनी जे शहर नव्यानं उभं केलं ते म्हणजे आजच्या बरोक, म्हणजे भरपूर नक्षीकामाच्या शैलीतल्या गल्ल्या. हे तीन थर डोक्यात ठेवा: वेढ्याचा किल्ला, तुर्की एगेर, बिशपांचं एगेर. पुढचा सगळा प्लॅन याच क्रमानं आहे.

पहिला दिवस, सकाळ : किल्ला

किल्ला गावाच्या पूर्वेला आहे, त्यामुळे सकाळी वर गेलात की सूर्य पाठीमागे आणि गाव समोर उजेडात. फोटोसाठी हीच वेळ. संध्याकाळी उलट, खालच्या चौकातून किल्ला छान दिसतो. दोबो चौकातून दोबो रस्ता धरला की तो थेट किल्ल्याच्या चढापर्यंत नेतो. चढ फार नाही पण दगडी फरशी गुळगुळीत झालीय, पावसात चांगले बूट घाला.

गेटवर तिकिटाचे प्रकार असतात. फक्त आवारात फिरायचं असेल तर स्वस्तातलं, प्रदर्शनांसकट हवं असेल तर महाग. माझं मत, पूर्ण घ्या. आणि तिकीट घेतानाच विचारा की काझामाताची फेरी कधी आहे. काझामाता म्हणजे तटाखालचे बोगदे. तिथं गाईडबरोबर गटानंच जाता येतं, आणि इंग्रजीतली फेरी दर तासाला असेलच असं नाही. त्या वेळेनुसार बाकीचं फिरणं ठरवा.

आत गेल्यावर आधी कॅथेड्रलच्या अवशेषांकडे जा. एगेरला बिशपचं पीठ हंगेरीचा पहिला राजा, संत इश्तवान, त्याच्या काळापासून म्हणजे 11व्या शतकापासून आहे, आणि जुनं कॅथेड्रल या टेकडीवरच होतं. आता खांबांची खोडं आणि पायाच्या रेषा उरल्यात. स्फोट झाला तो इथल्याच खोलीत. मग गॉथिक बिशप राजवाडा, 15व्या शतकातला, खाली कमानींचा व्हरांडा आहे. आत किल्ल्याचं म्युझियम आहे, ते नीट वेळ देऊन बघा, वेढ्यातली हत्यारं, जुने नकाशे, किल्ल्याची प्रतिकृती. तळमजल्यावर वीरांचा हॉल आहे, तिथं दोबोच्या थडग्यावरची कोरीव शिळा ठेवलीय. या दोबोचं पुढं काय झालं माहितीय? ज्या माणसानं एगेर वाचवलं त्यालाच नंतर राजद्रोहाच्या आरोपाखाली कैदेत टाकलं, सुटला तो आजारी होऊन आणि 1572 मध्ये वारला. ती शिळा बघताना हे आठवतंच.

काझामातात खाली उतरलात की एकदम गार होतं, उन्हाळ्यातही जॅकेट लागतं. इथं सुरुंगांची भानगड समजते. बाहेरचे लोक तटाखाली बोगदा खणून दारू भरायचे आणि बुरूज उडवायचे, आतले लोक त्यांचा आवाज ऐकून उलटा बोगदा खणायचे. आवाज कळावा म्हणून जमिनीवर ढोल ठेवून त्यावर वाटाणे टाकायचे, खाली कुठं खणलं जात असेल तर वाटाणे थरथरायचे, असं सांगतात. आपल्याकडे पुरंदरच्या वेढ्यात वज्रगडावरचा तोफांचा मारा आणि सुरुंगानं उडालेला बुरूज ज्यांनी वाचलाय, त्यांना इथं गाईडचं अर्धं बोलणं न सांगताच कळेल.

बाहेर आलात की एका बुरुजावर गेझा गार्दोन्यीची कबर आहे. हा एगेरमध्ये राहिलेला लेखक, 1922 मध्ये वारला, आणि वेढ्यावरच्या त्याच्या कादंबरीमुळे ही लढाई हंगेरीतल्या प्रत्येक शाळकरी पोराला माहितीय. दगडावर लिहिलंय, इथं फक्त त्याचा देह आहे. हंगेरियन शाळांच्या सहली इथं येऊन थांबतात, गर्दी असेल तर थोडं थांबा, मुलांना आधी बघू द्या.

किल्ल्याला किमान तीन तास द्या. पश्चिमेच्या तटावर जाऊन मगच खाली उतरा: तिथून मिनार, मिनोराइट चर्चचे दोन मनोरे आणि बॅसिलिकाचा घुमट एका नजरेत येतात, आणि दुपारी कुठून कुठं चालायचंय ते वरूनच समजतं.

दुपार : दोबो चौक आणि मिनार

खाली उतरताना किल्ल्याच्या पायथ्याशी वालिदे सुलताना स्नानगृहाचे अवशेष लागतात, उघड्यावरच आहेत, पाच मिनिटं पुरे. दोबो चौकात आलात की मधोमध दोबोचा पुतळा, अलायोश श्ट्रोब्ल या शिल्पकारानं केलेला, 1907 चा. पुतळ्यातली बाई बघा, हातात मोठा धोंडा डोक्यावर उचललेला, खाली टाकायच्या बेतात. तटावर लढलेल्या बायकांची आठवण एगेरनं अशी चौकातच उभी केलीय, हे मला फार आवडतं.

चौकातलं गुलाबी-पिवळसर चर्च म्हणजे मिनोराइट चर्च, प्रागच्या किलियान इग्नाझ डिन्ट्झेनहोफर या वास्तुविशारदाच्या आराखड्यावरून बांधलेलं म्हणतात, 18व्या शतकातलं. प्रागला जाऊन आला असाल तर मधला भाग असा फुगीर पुढे आलेला बघून ओळखीचं वाटेल. आत जाऊन या, फुकट आहे, पण प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबा.

मिनार इथून पाचेक मिनिटांवर आहे. 40 मीटर उंच, चौदा बाजूंचा, वाळूच्या दगडाचा, 17व्या शतकातला. शेजारची मशीद 19व्या शतकात पाडली, मिनार एकटाच राहिला. पाडायचा प्रयत्न झाला होता, शेकडो बैल जुंपले तरी हलला नाही अशी दंतकथा आहे. हंगेरीत उस्मानी काळातले तीनच मिनार शिल्लक आहेत, पेच, एर्द आणि हा. वर चढता येतं, पण नीट ऐका: जिना गोल गोल, दोन्ही खांदे भिंतीला लागतील इतका अरुंद, जवळपास शंभर पायऱ्या, आणि वरची गच्ची म्हणजे एका माणसाला उभं राहण्यापुरती कडा. वरून कुणी उतरत असेल तर खालच्यानं थांबायचं, कारण मध्ये एकमेकांना ओलांडता येत नाही. गुडघ्यांचा त्रास असेल, उंचीची भीती असेल किंवा कडेवर लहान मूल असेल तर चढू नका, खालून बघा, काही बिघडत नाही. थंडीत हा बंद असतो.

संध्याकाळी पाय दुखत असतील तर तुर्की स्नानगृह. अर्नाऊत पाशाच्या नावानं ओळखलं जातं, 1610 ते 1617 मधलं, आता दुरुस्त करून मोठं केलंय पण मधला जुना घुमटाचा भाग आहे तसा. पाणी कोमटसर असतं, बुडापेस्टसारखं कढत नाही. स्वतःचा टॉवेल, स्विमिंगचे कपडे आणि चप्पल घेऊन जा.

दुसरा दिवस, सकाळ : बॅसिलिका आणि तिच्या खालचं गाव

बॅसिलिका म्हणजे गावातलं मोठं चर्च, योझेफ हिल्ड या वास्तुविशारदानं बांधलेलं, 1831 ते 1837, म्हणजे एवढी प्रचंड इमारत जेमतेम सहा वर्षांत. हंगेरीतल्या सगळ्यात मोठ्या चर्चपैकी ही एक. बरोक गावात ही एकटी ग्रीक देवळासारखी खांबांवर उभी आहे, कारण तोवर फॅशन बदलली होती. पायऱ्यांवरचे चार संत, इश्तवान, लास्लो, पीटर आणि पॉल, हे मार्को कासाग्रांदे या इटालियन शिल्पकाराचे. उन्हाळ्यात सकाळी उशिरा इथं छोटी ऑर्गन मैफल असते, दारावर वेळ लिहिलेली असते, जमलं तर बसाच.

पायऱ्यांच्या बाजूलाच एक दार आहे, तिथून गावाखालच्या गावात जाता येतं. ही आर्चबिशपची जुनी वाइनची तळघरं. एगेरच्या जमिनीखाली मऊ ज्वालामुखीचा दगड आहे, ट्यूफ, तो कोरायला सोपा. तुर्क गेल्यावर शहर बांधायला दगड हवा होता आणि द्राक्षांचा कर म्हणून आलेली वाइन ठेवायला जागा हवी होती, दोन्ही कामं एकाच खोदकामात झाली. वरच्या भिंती खालच्या पोकळीतून आल्यात हे कळल्यावर गाव वेगळं दिसायला लागतं. इथंही गाईडबरोबरच जायचं आणि इथंही जॅकेट.

लिसेउम : हे अजिबात सोडू नका

बॅसिलिकाच्या समोरच. बिशप कारोय एस्तेरहाझीला एगेरमध्ये विद्यापीठ काढायचं होतं, म्हणून त्यानं 1765 पासून वीस वर्षं ही इमारत बांधून घेतली, ग्रंथालय भरलं, वेधशाळा उभारली, आणि शेवटी व्हिएन्नाच्या दरबारानं परवानगीच दिली नाही. आज मात्र इथं त्याच्याच नावाचं विद्यापीठ आहे.

आत दोन गोष्टी बघायच्या. पहिली ग्रंथालय. ओकच्या लाकडाची उंच कपाटं, आणि वर छत, तिथं 1778 मध्ये योहान लुकास क्राकर या चित्रकारानं त्याच्या जावयाच्या मदतीनं ट्रेंटची धर्मसभा, म्हणजे 16व्या शतकातली कॅथलिक चर्चची मोठी सभा रंगवलीय. खाली उभं राहून बघितलं की गॉथिक कमानींचं उंच छत आहे असंच वाटतं. प्रत्यक्षात छत जवळपास सपाट आहे, कमानी सगळ्या रंगवलेल्या. एका कोपऱ्यात बघा, आकाशातून वीज पडतेय आणि खाली पुस्तकांच्या ढिगावर कोसळतेय, ती चर्चनं पाखंडी ठरवलेली पुस्तकं. पुस्तकांनी भरलेल्या खोलीच्या छतावर हे चित्र, यावर तुम्हीच विचार करा.

दुसरी गोष्ट वेधशाळेचा मनोरा. मिक्शा हेल या व्हिएन्नातल्या नामवंत खगोलशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनानं ही वेधशाळा सज्ज केली. मधल्या मजल्यावर फरशीत मध्यान्हरेषा आहे, भिंतीतल्या बारीक भोकातून आलेला उन्हाचा ठिपका दुपारी बरोबर त्या रेषेवर येतो. अजून वर चढलात की कॅमेरा ऑब्स्क्युरा. खोलीत अंधार करतात, मधे पांढरं गोल टेबल, छपरावरचा आरसा नि भिंग फिरवलं की टेबलावर सगळं एगेर उतरतं, आणि स्थिर नाही, चालतं-फिरतं. चौकातून सायकल जातेय, झाडं हलतायत, कुणीतरी छत्री उघडतंय, हे सगळं टेबलावर, वीज नाही, स्क्रीन नाही, 18व्या शतकातली करामत. फक्त ऊन हवं. ढगाळ दिवशी चित्र फिकं पडतं, म्हणून दोन दिवसांत ज्या दिवशी आभाळ मोकळं असेल त्या दिवशी लिसेउम करा, बाकीचा क्रम मागेपुढे झाला तरी चालेल. पायऱ्या भरपूर आहेत, लिफ्टची अपेक्षा ठेवू नका.

कोशुत रस्ता, मान वर करून

लिसेउमच्या बाजूनं कोशुत लायोश रस्ता सुरू होतो. लांबी फार नाही, पण दोन्ही बाजूंना चर्चच्या अधिकाऱ्यांचे जुने वाडे, फ्रान्सिस्कन चर्च, सगळं ओळीनं. 4 नंबरचं घर छोटं प्रोव्होस्ट भवन, प्रोव्होस्ट म्हणजे चर्चचा एक वरिष्ठ अधिकारी, त्याची रोकोको म्हणजे नाजूक वळणदार नक्षीची बाल्कनी बघा. मग 9 नंबर, जुनं जिल्हा कचेरीचं घर, आणि इथं थांबा.

हेन्रिक फाझोला हा जर्मनीतल्या व्युर्झबुर्गकडचा लोहार-कारागीर एगेरमध्ये येऊन राहिला आणि इथल्या लोखंडाचं सोनं केलं. दाराच्या वरच्या कमानीत जिल्ह्याचं चिन्ह आहे, सापाला धरून उभा करकोचा. आत बोळातून गेलात की दोन्ही बाजूंना त्याची दोन गेटं समोरासमोर. जवळ जाऊन बघा: द्राक्षाचा घड आहे तर त्यातला एकेक मणी वेगळा ठोकलेला, पानांच्या कडा वळलेल्या, शिरा दिसतायत, वेलीची तंतूसारखी टोकं गोल फिरवून सोडलीत. हे सगळं हातोड्यानं, साच्यानं नाही. पुढे याच फाझोलानं बुक्कच्या डोंगरात लोखंडाचा कारखाना काढला. इमारत कामकाजाची आहे, त्यामुळे आतली गेटं बघायला वर्किंग डेला दिवसा जा, म्हणजे वीकेंडला जाणार असाल तर एगेरला शुक्रवारी पोचून ती त्याच दिवशी बघणं सोयीचं.

वेळ उरला तर सेचेनी रस्त्यानं उत्तरेकडे चालत जा. सुरुवातीला कॅफे, दुकानं, पादचाऱ्यांचा रस्ता, मग जेझुइटांनी बांधलेलं नि नंतर सिस्टर्शियनांकडे (हे दोन्ही कॅथलिक धर्मसंघ) गेलेलं चर्च, आणि शेवटी टेकाडावर सर्बियन ऑर्थोडॉक्स चर्च. तुर्कांच्या काळात आणि नंतर बाल्कनमधून सर्ब नि ग्रीक व्यापारी इथं येऊन राहिले, त्यांचं हे देऊळ. आतली लाकडी सोनेरी चित्रभिंत जमिनीपासून छतापर्यंत आहे. फारसं कुणी येत नाही इथं, आणि मला तर गावातल्या सगळ्या चर्चमध्ये हेच जास्त आवडतं.

खायचं काय, आणि वाइनची दरी

शाकाहारी असाल तर उपाशी राहणार नाही. लांगोश, म्हणजे तळलेली जाड पुरीसारखी भाकरी, वर लसूण, आंबट साय, चीज. रांतोत शायत म्हणजे तळलेलं चीज. गोंबा पाप्रिकाश म्हणजे पाप्रिका घातलेली मश्रूमची भाजी. लेचो घेताना विचारा, सिमला मिरची-टोमॅटोची भाजी असते पण बरेचदा सॉसेज घातलेलं असतं. सूप तर विचारल्याशिवाय घेऊच नका, मांसाचं पाणी असतं.

वाइन पिणाऱ्यांसाठी दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ. सेपअस्सोन्य-व्होल्ग्य म्हणजे देखण्या बाईची दरी, गावापासून अर्धा तास चालत, नाहीतर उन्हाळ्यात छोटी टुरिस्ट ट्रेन जाते. डोंगराच्या ट्यूफमध्ये ओळीनं कोरलेली तळघरं, प्रत्येकाच्या दारात टेबलं. एगेरची प्रसिद्ध लाल वाइन बिकावेर, बैलाचं रक्त, वेढ्यातल्या सैनिकांच्या वाइननं लाल झालेल्या दाढ्या बघून तुर्कांना वाटलं हे बैलाचं रक्त पितात अशी कथा सांगतात. छान कथा आहे, पण इथं लाल द्राक्षांची लागवड तुर्की काळात बाल्कनमधून आलेल्या लोकांमुळे वाढली, त्यामुळे 1552 शी तिचा मेळ बसत नाही. बिकावेर ही अनेक द्राक्षांची मिश्र वाइन, त्यात केकफ्रांकोश मुख्य. पांढरी हवी तर एगरी चिल्लाग मागा. पहिल्याच तळघरात बसू नका, दरीत एक पूर्ण चक्कर मारा, छोटा ग्लास म्हणजे डेसिलिटरवर मागा, आणि भाव आधी विचारा. गाडी चालवणाऱ्यानं एक थेंबसुद्धा घेऊ नये, हंगेरीत ड्रायव्हरसाठी मर्यादा शून्य आहे.

एप्रिल-मे नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबर हा उत्तम काळ, सप्टेंबरात द्राक्षतोडणी असते. दुसऱ्याच दिवशी रात्री बुडापेस्टला परतायचं असेल तर शेवटच्या बसची आणि थेट ट्रेनची वेळ दुपारीच बघून ठेवा, आणि बॅगा हॉटेलातच ठेवून द्या, बहुतेक ठिकाणी चेकआऊटनंतर ठेवून घेतात.